पेशीची वेस

माडावरून पहाटे उतरलेली नीरा सूर्य कासराभर वर येईपर्यंतच नीरा असते. पुढे ती कुणाची राहत नाही.

वेंगुर्ल्याच्या बाजूला माझं आजोळ. परसातल्या माडांवर चढायला एक आबा यायचे. कमरेला कोयती, पायांत काथ्याचा फास, पाठीवर लोंबतं भांडं. न उमललेली पोय त्यांनी दोरीनं गच्च आवळून ठेवलेली असायची. तिच्या टोकाचा पातळ काप ते रोज काढायचे आणि त्या ओल्या टोकातून रात्रभर मडक्यात थेंब पडत राहायचे. खाली आम्ही भावंडं पेले घेऊन उभी. "गो बाय, आत्ताच पी. ऊन चढला की ती तुझी रवाची नाय," असं म्हणत ते माझ्या पेल्यात ओतायचे. गार, किंचित धुरकट, शहाळ्याच्या पाण्याहून गोड. ज्या मडक्याला आतून चुना लावलेला असे, त्यातली गोडी जरा जास्त तग धरायची. चुना नसलेल्या मडक्याच्या तोंडाशी मात्र दहाच्या सुमाराला बारीक फेस जमू लागे. कान लावला की वाळूवरून लाट मागे सरताना होते तशी सरसर आतून ऐकू यायची. दुपारी तेच पाणी जिभेला चुरचुरे. संध्याकाळी मोठी माणसं ते आमच्यापासून लांब ठेवत.

त्यात कुणी काही घातलेलं नसायचं. हे मला तेव्हाही गूढ वाटायचं, आणि सगळं शिकून झाल्यावर आता जास्तच वाटतं.

आणखी एक गोष्ट त्या वयात नुसती दिसली होती. माडी संपली की मडक्याच्या तळाशी पांढुरका साका उरायचा. आबा तो कधी खरवडून टाकत नसत. मडकं जरा हेलकावायचं, ओतायचं, पालथं घालायचं, की झालं. मी विचारलं तर म्हणायचे, "असांदे. तो निजलोहा." तो निजलाय. मला वाटायचं, थट्टा करतायत.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना काचपट्टीवर असाच एक थेंब घेऊन पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. लंबगोल, किंचित चमकणाऱ्या पेशी. दोनशे जणी एका ओळीत उभ्या केल्या तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल, एवढ्या. काहींच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा फुगवटा आलेला, काहींचा तो आईच्या निम्म्याइतका झालेला. हे यीस्ट मधोमध चिरून दोन होत नाही. त्याला कोंब फुटतो, कोंब वाढतो, केंद्रकाचा वाटा त्यात उतरतो, आणि मग लेक आईपासून सुटी होते. भरपूर साखर आणि ऊब असली तर हे सगळं दीड तासात उरकतं.

सुटी होताना लेक आईच्या अंगावर एक वर्तुळाकार वण ठेवून जाते. खेकड्याच्या कवचात जे कायटिन असतं, त्याचाच तो वण. दुसरा कोंब बहुधा त्याच जागी फुटत नाही, शेजारी फुटतो. म्हणून आईच्या अंगावरचे वण मोजले की तिला किती लेकी झाल्या ते कळतं. वीस, पंचवीस, फार तर तिशीच्या आसपास. मग ती थकते आणि थांबते. तिच्या लेकी मात्र कोऱ्या अंगाच्या निघतात. वणांच्या त्या रांगा मी पुढे एका छायाचित्रात पाहिल्या, रंगवलेल्या, अंधारात निळ्या उजळलेल्या, आणि आजीच्या पोटावरच्या रेघा आठवल्या.

या जिवाला शास्त्रात सॅकरोमायसीज सेरेव्हिसी म्हणतात. नाव परकं वाटतं खरं, पण त्याच्या पोटात आपलीच शर्करा आहे. संस्कृतातली शर्करा पालीतून ग्रीकांकडे गेली, तिथे तिचं साकारॉन झालं, आणि एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या पंडितांनी या साखरखाऊ बुरशीला नाव देताना तोच शब्द उचलला. आपल्याकडचा जुना शब्द किण्व. कौटिल्याच्या सुराध्यक्षाच्या प्रकरणात तो येतो. चार्वाकांनी तर त्यावर अख्खं तत्त्वज्ञान उभं केलं. किण्वादी द्रव्यांत सुटी सुटी मादकता नसते, ती एकत्र आल्यावर उपजते, तसंच जड भूतं एकत्र आली की चैतन्य उपजतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना किण्व स्वतःच सजीव आहे हे ठाऊक असतं तर वादाला कोणतं वळण लागलं असतं, हा प्रश्न मला अधूनमधून छळतो. ते सजीव आहे हे माणसाला सूक्ष्मदर्शकातून खात्रीनं कळायला १८३७ साल उजाडलं. त्याआधी दीडशे वर्षं, १६८० मध्ये, डेल्फ्टच्या लेव्हेनहूकनं बिअरच्या थेंबात हेच गोळे पाहिले होते. पण ते जिवंत असतील हे त्याच्या मनात आलं नाही.

असो. मला सांगायचंय ते त्या साक्याबद्दल.

मडक्यातली साखर संपते तेव्हा पेशीला ते कळतं कसं? तिला डोळे नाहीत, जीभ नाही, शेजारणीला विचारायची सोय नाही. आणि कळलं तरी ती वाढायची थांबते कशी?

आपल्याला वाटतं, यात अवघड काय? अन्न असलं की वाढायचं, संपलं की वाढ आपोआप खुंटायची, वात तेल संपल्यावर विझते तशी. खूप काळ शास्त्रज्ञांनाही असंच वाटत होतं. पेशी दुभंगते केव्हा याचा शोध जोरात चालू होता, पण ती मुळात वाढते कशी, आकारानं भरते कशी, याला कुणी राखणदार असेल असं फारसं कुणाच्या मनात नव्हतं. उतारावरून पाणी धावतं, त्याला हुकूम कोण देतं?

पण वाढीचा खर्च पाहिला की हा भ्रम टिकत नाही. भरात वाढणाऱ्या एका यीस्ट पेशीत दोनेक लाख रायबोसोम असतात. रायबोसोम म्हणजे प्रथिनं विणणारे माग. एकेक माग ७९ प्रथिनं आणि आरएनएचे चार धागे जुळवून उभा करावा लागतो, आणि असे नवे माग ती पेशी मिनिटाला सुमारे दोन हजार या वेगानं उभारत असते. मी हे वाक्य लिहून संपवेपर्यंत तिनं काहीशे उभारले. घरात असा पसारा मांडलेला असताना दाणे संपले, आणि ते वेळेवर कुणी ध्यानात आणून दिलं नाही, तर पेशी विझत नाही, फुटकी निघते. अर्धवट विणलेली, अर्धवट वाढलेली, भिंत पातळ राहिलेली. उपासमारीत टिकायचं तर दाणे संपायच्या आधी माग बंद करायला हवेत. तेल संपल्यावर विझण्यात शहाणपण कसलं? संपत आलंय हे ओळखून वात खाली ओढणं, याला कुणीतरी जागं असावं लागतं.

तो जागा असणारा माणसाला सापडला, ती वाट फार लांबून येते.

प्रशांत महासागरात, चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरवर रापा नुई हे बेट आहे. गवताळ उतार, वारा, तोंड मिटून उभे असलेले प्रचंड दगडी मोआई, आणि विझलेल्या ज्वालामुखींची पाण्यानं भरलेली मुखं. १९६४ च्या अखेरीस कॅनडाहून एक वैद्यकीय पथक तिथे जहाजानं गेलं. बेटावर विमानतळ व्हायचा होता, आणि जगाशी वर्दळ वाढण्याआधी तिथल्या माणसांची प्रकृती, झाडं, माती, सगळं नोंदवून ठेवावं असा त्यांचा बेत. पथकातल्या एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला कुतूहल होतं की बेटावर घोडे एवढे, माणसं अनवाणी हिंडतात, तरी धनुर्वात कसा दिसत नाही. त्यानं बेटाचे तुकडे पाडून जागोजागची माती कुप्यांत भरली.

ती माती मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत आली. तिथे सुरेन सेहगल होते. फाळणीपूर्व पंजाबातल्या खुशाबचा जन्म, बनारस हिंदू विद्यापीठातलं शिक्षण, मग इंग्लंड, मग कॅनडा. त्यांच्या गटाला त्या मातीत स्ट्रेप्टोमायसीज हायग्रोस्कोपिकस नावाचा जिवाणू मिळाला. मृगाच्या पहिल्या सरीनंतर मातीचा जो वास येतो, तो देणाऱ्या कुळातला. हा जिवाणू एक पदार्थ बनवत होता, आणि तो पदार्थ बुरशी आणि यीस्ट यांची वाढ जागच्या जागी रोखत होता. बेटाच्या नावावरून त्याला रापामायसिन म्हटलं गेलं. १९७५ मध्ये त्याची माहिती छापून आली.

थोड्याच दिवसांत ध्यानात आलं की हे औषध शरीराची प्रतिकारशक्तीही दाबून टाकतं. बुरशी मारणाऱ्या औषधाला हा दोष फार मोठा. कंपनीचा रस संपला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली आणि माणसं अमेरिकेत हलवली गेली. सेहगलांनी त्या जिवाणूच्या कुप्या गुपचूप घरी नेल्या, घरच्या फ्रीजरमध्ये आइस्क्रीमशेजारी ठेवल्या, वर "खाऊ नये" असं लिहिलं, आणि बिऱ्हाड हललं तेव्हा कोरड्या बर्फात घालून बरोबर नेल्या. ही गोष्ट त्यांच्या क्षेत्रात अजून प्रेमानं सांगतात. मलाही ती आवडते. एखादी बी चांगली आहे, पण तिचा मोसम अजून आलेला नाही, एवढ्याच विश्वासावर ती माळ्यावर जपून ठेवणारी माणसं मी कोकणात पाहिली आहेत.

मला मात्र या गोष्टीत सगळ्यांत थोर वाटतो तो जिवाणू. मातीच्या एका कणाशेजारी बुरशीचा तंतू सरकत येतो, अन्न एकच, वाटेकरी दोन. तेव्हा हा जिवाणू शेजाऱ्याला मारायला धावत नाही. तो शेजाऱ्याच्या आत असा निरोप सोडतो की अन्न संपलं आहे. भरल्या ताटाशी बसलेला शेजारी उपाशी माणसासारखा हात आवरतो. बुरशीच्या वाढीची कडी नेमकी कुठे आहे हे या जिवाणूला, माणूस जन्मायच्या कितीतरी आधीपासून, ठाऊक होतं. आपण फक्त त्याच्या बोटाच्या दिशेनं पाहिलं.

पाहणारे तिघं होते. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात मायकेल हॉल यांची प्रयोगशाळा, तिथे शिकायला आलेला जोसेफ हाइटमन, आणि त्याच शहरातल्या सँडोझ या औषध कंपनीतले राव मोव्वा. रापामायसिन प्रतिकारशक्तीच्या पेशींना आत जाऊन नेमकं कुठे धरतं, हा प्रश्न तेव्हा गाजत होता. यीस्टला रक्त नाही, प्रतिकारशक्तीच्या पेशी नाहीत, मग या प्रश्नाचं उत्तर त्याला कशाला विचारायचं? पण हे औषध यीस्टलाही थांबवतं, म्हणजे जिथे हात लावल्यावर ते थांबतं ती जागा त्याच्यातही असणार, एवढा साधा हिशेब त्यांनी मांडला.

रीत अशी. बशीत औषध मिसळलेलं अन्न पसरायचं, त्यावर कोट्यवधी पेशी ओतायच्या, आणि वाट पाहायची. जवळजवळ सगळ्या जागच्या जागी थांबतात. क्वचित एखादीच्या जनुकात चुकून अक्षर बदललेलं असतं आणि तिच्यावर औषध चालत नाही. ती वाढत राहते, तिच्या लेकी वाढतात, आणि दोन-तीन दिवसांनी रिकाम्या बशीवर साबुदाण्याएवढा एक पांढरा ठिपका दिसतो. कोट्यवधी निजलेल्यांत तो एक जागा. त्याला विचारायचं, तुझ्यात काय बदललं? त्या ठिपक्यांनी दोन जनुकं दाखवली. १९९१ मध्ये तिघांनी ती जाहीर केली, टॉर-१ आणि टॉर-२. रापामायसिनचं लक्ष्य या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळवून हे नाव झालं. पण जर्मन भाषेत टोर म्हणजे वेस. बासेलला मध्ययुगीन तटाच्या वेशी अजून उभ्या आहेत, त्यांतली श्पालेनटोर सगळ्यांत देखणी, आणि नाव ठेवताना ती मनात होती असं त्यांनीच सांगितलं आहे.

वेस म्हटलं की माझ्यापुढे आजोळच्या वाटेवरचं एक गाव येतं. तट कधीच ढासळलेला, शेत झालेला, पण दगडी कमान तेवढी उरलेली, कमानीला शेंदूर फासलेला मारुती. पूर्वी दिवेलागणीला या वेशीचे दरवाजे लावत. दरवाजा लागला की गावात काही मोडत नसे. चुली पेटलेल्या असत, जनावरं रवंथ करत असत, फक्त बाहेरचा व्यवहार थांबे. राखणदाराचं काम दार बंद ठेवण्याचं असतं असं आपल्याला वाटतं. खरं तर ते आकाशाकडे बघण्याचं असतं.

पेशीतला हा राखणदार एक भलंमोठं प्रथिन आहे, जवळजवळ अडीच हजार अमिनो आम्लांची लांबलचक माळ घडी घालून बनलेलं. इतर काही प्रथिनं सोबतीला घेऊन ते बसतं कुठे, तर पेशीच्या कोठाराच्या भिंतीवर. यीस्टच्या पेशीत रिक्तिका नावाची एक मोठी पिशवी असते. तिच्यात अमिनो आम्लं साठवलेली, टाकाऊ गोष्टी कुजत घातलेल्या, पाण्याचा तोल सांभाळलेला. धान्याची कणगी आणि उकिरडा एकाच ठिकाणी. त्या पिशवीच्या पातळ पडद्यावर बसून टॉर आतला आणि बाहेरचा माल जोखत असतं. कणगीच्या काठावर बसलेल्या म्हातारीला दाणे किती उरले ते न वाकता कळतं, तसं.

त्याची बोली अगदी साधी. एका प्रथिनानं दुसऱ्याच्या अंगाला फॉस्फेटचा एक इवलासा तुकडा लावायचा, हळदीचं बोट लावावं तेवढा. बोट लागलं की त्या प्रथिनाची घडी किंचित बदलते आणि ते कामाला लागतं, किंवा काम सोडून बसतं. दुसरी काही प्रथिनं हे बोट पुसायचंच काम करतात. बोट लावणारी प्रथिनं यीस्टमध्ये सव्वाशेच्या आसपास आहेत, आणि त्यांच्या लावण्या-पुसण्याच्या गजबजीतून पेशीचं मन बनतं. मन हा शब्द मी जपून वापरायला हवा होता. पण दुसरा सुचत नाही.

दाणे असतात तोवर टॉर बोटं लावत राहतं. माग उभारा, विणा, वाढा. दाणे घटले, किंवा रापामायसिन पेशीतल्या एका छोट्या प्रथिनाला सोबत घेऊन टॉरच्या अंगाला चिकटलं, की बोटं थांबतात. नवे रायबोसोम बनायचे थांबतात, नवा कोंब निघत नाही. पेशी साखरेचे टिकाऊ साठे करू लागते, भिंत जाड करते. १९९६ च्या सुमाराला हॉल यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की रापामायसिन दिलेली पेशी आणि खरोखर उपाशी पेशी यांच्या वागण्यात फरक करणं कठीण. वाढ आपोआप होत नाही, तिला परवानगी लागते, हे तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

आणि पेशी थांबते म्हणजे नुसती बसून राहत नाही.

१९८८ मध्ये टोकियोत योशिनोरी ओहसुमी नावाच्या त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला स्वतःची अशी छोटी प्रयोगशाळा मिळाली. इतरांनी न बघितलेलं काहीतरी बघावं म्हणून तो यीस्टची रिक्तिका बघत बसायचा. उकिरडा बघत बसायचा म्हणा ना. त्यानं अशा पेशी घेतल्या ज्यांच्या रिक्तिकेतली कुजवणारी प्रथिनं नाहीशी केलेली होती, आणि त्यांना उपाशी ठेवलं. काही तासांत साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की रिक्तिकेत बारीक गोल पिशव्या जमल्या आहेत आणि उन्हाच्या कवडशातल्या धुळीसारख्या थरथरत नाचतायत. पेशी स्वतःचेच तुकडे पिशव्यांत बांधून कोठारात पाठवत होती. कुजवण्याची सोय असती तर ते विरघळून पुन्हा त्यांची अमिनो आम्लं झाली असती, पण आता ते तसेच साचले होते, म्हणून दिसले. ओहसुमींना २०१६ मध्ये नोबेल मिळालं. त्याच्या कितीतरी आधी त्यांनीच दाखवलं होतं की यीस्टमध्ये या आत्मभक्षणाला आवरून धरणारं प्रथिन टॉर हेच. टॉर गप्प झालं की पेशी आपलंच घर उतरवून त्याचे वासे चुलीत घालते, आणि मोजून घालते. गाभ्याला हात लागत नाही.

दुष्काळात आजीनं फडताळातलं काय काय विकलं आणि काय शेवटपर्यंत विकलं नाही, याची यादी आमच्या घरात अजून सांगितली जाते.

टॉरचं स्वतःचं काय होतं, हे कळायला आणखी पंचवीसेक वर्षं लागली. २०१७ मध्ये जिनेव्हातल्या एका गटानं दाखवलं की ग्लुकोज संपलं की विखुरलेली टॉरची संकुलं एकमेकांना येऊन बिलगतात आणि एकावर एक रचून एक पोकळ, पिळदार नळकांडं तयार होतं. शंखाच्या आतल्या वळणासारखं. त्या रचनेत बोट लावायची जागा झाकली जाते. त्यांना मोडून टाकलेलं नसतं, मिटून ठेवलेलं असतं. साखर परत आली की नळकांडं उसवतं, प्रत्येक जण आपल्या जागी जाऊन बसतो, आणि काम पुढे चालू. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. वेशीचे दरवाजे दिवेलागणीला उचलून एकाला एक लावून भिंतीशी रचून ठेवणारं गाव माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

यीस्टमध्ये सापडलेलं सगळं माणसात सापडतंच असं नाही. पण या बाबतीत जे सापडत गेलं ते थक्क करणारं. १९८७ मध्ये लंडनमध्ये पॉल नर्स आणि मेलनी ली यांनी यीस्टच्या एका दुसऱ्या जातीत, बाजरीच्या आफ्रिकन बिअरमध्ये सापडलेल्या पॉम्बेत, एक प्रयोग केला. दुभंगण्याचा हुकूम देणारं जनुक बिघडलेल्या त्या पेशी उष्ण जागी नुसत्या लांबत जायच्या, दुभंगायच्या नाहीत. त्यांच्यात माणसाची जनुकं सोडली. त्यांतल्या एकानं तो हुकूम दिला आणि पेशी दुभंगू लागल्या. माणसाचा आणि यीस्टचा समान पूर्वज अब्जभर वर्षांपूर्वीचा. तेवढ्या काळात डोंगर झिजले, खंड सरकले, आणि एका किल्लीचे दात मात्र तसेच राहिले. २०१५ मध्ये टेक्सासात याच धर्तीवर यीस्टची जगायला अत्यावश्यक अशी ४१४ जनुकं एकेक करून काढून जागी माणसाची बसवून पाहिली. जवळजवळ निम्म्यांचं काम भागलं.

टॉरही आपल्यात आहे. १९९४ मध्ये सस्तन प्राण्यांतलं टॉर सापडलं, यीस्टमधल्या दोघांऐवजी इथे एकच. आपल्या प्रत्येक पेशीत ते कुठल्या ना कुठल्या कणगीच्या काठावर बसलेलं आहे. मी जेवले की यकृतात, स्नायूंत ते बोटं लावायला लागतं. एकादशीला मी खरोखर उपास केला, साबुदाण्याची खिचडी न खाता केला, तर ते सैलावतं आणि घरातला जुना पसारा आवरायला निघतो. प्रतिकारशक्तीच्या पेशींना झपाट्यानं वाढण्यासाठी हीच वेस ओलांडावी लागते, म्हणून परक्या मूत्रपिंडावर त्या तुटून पडू नयेत यासाठी रापामायसिन कामी आलं. १९९९ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. अनेक कर्करोगांत राखणदार दार उघडं टाकून झोपी गेलेला असतो. २००९ मध्ये उतारवयातल्या उंदरांना ते औषध अन्नातून दिलं तर ते जास्त जगले, आणि तेव्हापासून श्रीमंत माणसांना या प्रथिनाविषयी एकदम प्रेम वाटू लागलं. त्यांचं त्यांना लखलाभ. रापा नुईवर, राणो काऊ या ज्वालामुखीच्या परिसरात, माती नेल्याची आठवण सांगणारा एक फलक लावलेला आहे. औषधातून उभ्या राहिलेल्या पैशातला वाटा बेटावरच्या लोकांपर्यंत पोचला नाही, हे अलीकडे कुठे बोललं जाऊ लागलंय. सेहगल २००३ मध्ये गेले. कर्करोग झाल्यावर त्यांनी स्वतः हेच औषध घेऊन पाहिलं होतं.

आबा जाऊन कितीतरी वर्षं झाली. आजोळचे माड आहेत, पण चढणारं कुणी नाही. गोव्यात पाव भाजणारे पोदेर पूर्वी पावाचं पीठ फुगवायला माडाची सूर घालायचे, आता पुडीतलं यीस्ट घालतात. मीही पुडीतलंच घालते.

आज रविवारी ती उघडली. मोहरीहून बारीक, तपकिरी, कोरडे दाणे. चमचाभर दाण्यांत अब्जावधी पेशी. वाळवताना मरू नयेत म्हणून अंगात ट्रेहॅलोज नावाची साखर साठवलेल्या, आतला रस घट्ट झालेल्या, वाढ मिटून ठेवलेल्या. कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून मी ते दाणे वर भुरभुरले आणि नेहमीसारखी ओट्याशी उभी राहिले. पहिली दोन मिनिटं काही नाही. मग एकेक दाणा फुगून, ढगासारखा पसरत खाली उतरू लागला. दहा मिनिटांत फेस. भाचा शेजारी उभा होता, म्हणाला, "आत्या, उठलं!"

उठलं नाही रे अजून, असं सांगणार होते. फेस म्हणजे नुसता श्वास. साखर आली, चूल पेटली, धूर निघाला. पण कोंब इतक्यात निघत नाही. आत कुठेतरी कणगीच्या काठावर नळकांडी उसवत असतील, पहिलं हळदीचं बोट कुणाला तरी लागत असेल, मागांची जुळणी सुरू होत असेल, आणि राखणदार अजून आकाशाकडे बघत असेल, हा पाऊस खरा की वळवाचा. एवढं सगळं त्याला सांगितलं नाही. वाटीला कान लाव म्हटलं.

त्यानं लावला. बराच वेळ लावून ठेवला. मी तोवर पुडीचं तोंड दुमडलं, चिमटा लावला आणि उरलेलं यीस्ट फ्रीजरमध्ये, त्याच्या आइस्क्रीमच्या डब्याला खेटून ठेवून दिलं.